संत ऑगस्टीन: 'चला' म्हणणारा मेंढपाळ

रविवारच्या मिस्साबलिदानानंतर सूचना वाचून दाखविल्या जातात. विवाहाच्या घोषणा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, सभेची वेळ. आणि अधूनमधून धर्मगुरूंचे एक आवाहन: पुढच्या वेळी येताना एकाला तरी बरोबर आणा आणि आपले जीवन असे ठेवा की, येणाऱ्याला आल्याचा पश्चात्ताप होऊ नये. आपण मान डोलावतो आणि चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत ते विसरूनही जातो. हे आवाहन आजचे नाही. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतील एका बंदराच्या गावी एका धर्मगुरूने ते जवळजवळ चाळीस वर्षे सातत्याने केले. त्यांची प्रवचने लघुलेखक टिपून घेत असत आणि त्यांपैकी पाचशेहून अधिक आजही उपलब्ध आहेत. लोकांना बोलावण्याविषयी आपल्याच माणसांशी एक मेंढपाळ कसा बोलतो, याचा इतका सविस्तर पुरावा प्राचीन ख्रिस्तसभेत क्वचितच सापडतो. म्हणून या विषयाचा विचार करताना आम्ही हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांच्याकडे वळत आहोत.

त्यांचे नाव आपल्याकडे अपरिचित नाही. जुन्या गोव्याच्या टेकडीवर जो उंच भग्न मनोरा दिसतो, तो ऑगस्टिनियन संघाच्या चर्चचा अवशेष आहे. हे मठवासी १५७२ साली गोव्यात आले. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे याच संघाचे. २७ ऑगस्टला संत मोनिका आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे पुत्र ऑगस्टीन यांचा सण आपण साजरा करतो. परंतु आपल्याला जे ऑगस्टीन ठाऊक असतात, ते बहुधा भरकटलेले तरुण, आईच्या अश्रूंचे फळ आणि 'कन्फेशन्स' या आत्मकथनाचे लेखक. दर आठवड्याला उभ्या जमावासमोर बसून बोलणारे, खेळांच्या दिवशी चर्च ओस पडले म्हणून खिन्न होणारे ऑगस्टीन आपल्या परिचयाचे नसतात. (त्या काळी आफ्रिकेत बिशप बसून बोलत आणि भाविक उभे राहून ऐकत. आपल्या प्रवचनाच्या लांबीबद्दल तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

एकाला बोलावण्यास गेले

ऑगस्टीन यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी थागास्ते येथे झाला. हे गाव आज अल्जेरियात सुक अहरास या नावाने ओळखले जाते. वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक म्हणून ते कार्थेज, रोम आणि मिलान येथे राहिले. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. ऑगस्टीन स्वतः लिहितात की, आरंभी त्यांना अँब्रोज आवडले ते सत्याचे शिक्षक म्हणून नव्हे, तर आपल्याशी ममतेने वागणारा मनुष्य म्हणून. पुढे सिम्प्लिसियानस या वृद्ध धर्मगुरूंनी एका नामवंत विद्वानाच्या श्रद्धास्वीकाराची कथा त्यांना सांगितली आणि पोंतिसियानस नावाच्या एका ओळखीच्या गृहस्थाने सहज घरी आला असता मिसरच्या संत अंतोनी यांचे जीवन ऐकविले. अशा रीतीने, कोणी युक्तिवादात हरविले म्हणून नव्हे, तर कोणीतरी घरी आले, कोणी वेळ दिला, कोणी गोष्ट सांगितली म्हणून ३८७ सालच्या पुनरुत्थानाच्या रात्री त्यांचा स्नानसंस्कार झाला. सोबत त्यांचा मुलगा अदेओदातस आणि मित्र अलिपियस हेही होते.

हिप्पोला, म्हणजे आजच्या अल्जेरियातील अन्नाबाला, ते ३९१ साली गेले ते एकाच माणसासाठी. तेथील एका मित्राला परमेश्वरासाठी जिंकावे, त्याने आपल्या मठवासी समूहात यावे, हा त्यांचा हेतू होता. त्या गावी बिशप वालेरियस वृद्ध होते आणि मूळचे ग्रीकभाषी असल्यामुळे लॅटिनमध्ये प्रवचन करणे त्यांना कठीण जाई. त्यांनी साहाय्यक धर्मगुरूची गरज बोलून दाखविताच चर्चमधील जमावाने ऑगस्टीन यांना धरले आणि पुढे नेले. ते रडू लागले. हा मनुष्य बिशपपद न मिळता नुसते धर्मगुरुपद मिळाले म्हणून रडतो आहे, असा काहींचा समज झाला आणि ते त्यांचे सांत्वन करू लागले, असे त्यांचे चरित्रकार पोसिडियस नोंदवितात. ज्या मित्रासाठी ते आले होते, तो आज-उद्या करीत राहिला आणि त्या वेळी तरी आला नाही. आमंत्रण देणाऱ्याला आमंत्रणाचे फळ ठरविता येत नाही, हे हिप्पोच्या बिशपांना असे पहिल्याच दिवशी कळले.

लोक एकमेकांना पेटवितात

स्तोत्रसंहितेतील १२२ व्या स्तोत्रात परमेश्वराच्या मंदिराकडे जाण्याचा आनंद वर्णिला आहे. त्यावर बोलताना ऑगस्टीन आपल्या लोकांना त्यांच्याच अनुभवाची आठवण देतात. एखाद्या रक्तसाक्षीचा सण जवळ आला, एखाद्या पवित्र स्थळाचे नाव निघाले की लोक एकमेकांना काय म्हणतात? चला, चला. कुठे, असे कोणी विचारले की त्या जागेचे नाव सांगतात. आणि एकेक जण जणू पेटत जाऊन सर्वांची मिळून एकच ज्योत होते. पृथ्वीवरील एका ठिकाणाकडे जाण्यासाठी ही ओढ असेल, तर स्वर्गीय यरुशलेमेकडे नेणारी ओढ किती असावी, असे ते विचारतात.

हे वर्णन आपल्याला अजिबात परके वाटत नाही. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या सणाला किंवा वेलंकनीला निघताना वाडीवाडीत हेच घडते. कोणी पत्रक काढीत नाही, कोणी व्याख्यान देत नाही. एक घर निघते, ते शेजारच्या घराला विचारते आणि गाडी भरते. अनेकदा त्या गाडीत आपल्या धर्माचे नसलेले शेजारीही आनंदाने बसलेले असतात. विठोबाच्या वारीला निघणाऱ्या दिंडीतही एकामुळे दुसरा चालू लागतो. आम्हाला वाटते, आमंत्रण म्हणजे काहीतरी अवघड, खास प्रशिक्षणाने करावयाचे कार्य आहे, हा आपला गैरसमज येथेच गळून पडावा. आपण सणाला बोलावितो; रविवारी मात्र बोलावीत नाही, एवढाच फरक.

'ख्रिस्ती शिकवण' या विषयावरील आपल्या ग्रंथात ऑगस्टीन आणखी एक लौकिक दाखला देतात. नाट्यगृहात एखाद्या नटावर प्रेम करणारा प्रेक्षक त्या नटाच्या इतर चाहत्यांवरही प्रेम करतो. का? त्यांच्यामुळे नव्हे, तर दोघांनाही प्रिय असलेल्या त्या नटामुळे. आणि ज्याला तो नट ठाऊक नाही, त्याला तो जमेल तितका ओढून आणतो. नाट्यगृहावर कठोर टीका करणाऱ्या बिशपांनी तेथूनच दाखला उचलावा, ही गंमत आहे. क्रिकेटच्या अंतिम सामन्याच्या दिवशी सायंकाळच्या मिस्सेला येणाऱ्यांची संख्या पाहणाऱ्या आपल्या धर्मगुरूंना हे दुःख आणि हा दाखला, दोन्ही समजतील.

घरातील बिशप

लोकांना बोलावण्याचे काम बिशपांचे किंवा धर्मगुरूंचे, असे हिप्पोतील लोकही मानीत. ऑगस्टीन यांनी हा समज मान्य केला नाही. एका छोट्या प्रवचनात ते कुटुंबप्रमुखांना सांगतात की, आपल्या घरात तुम्ही आमच्याच पदाचे काम करता. बिशप या ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा. मग घरातील पत्नी, मुले आणि सेवक यांच्या श्रद्धेची देखरेख जो करतो, तो आपल्या घरापुरता बिशपच. आज हे वाचताना आम्ही त्यात घरातील आईचेही नाव घालू. ऑगस्टीन यांच्या स्वतःच्या घरात ही देखरेख मोनिकाबाईंनी केली होती. वडील पात्रिसियस यांचा स्नानसंस्कार त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस झाला.

३४ व्या स्तोत्रावर बोलताना त्यांनी या कामाची रीतही सांगितली आहे. ज्यांना शक्य आहे त्यांना परमेश्वराच्या प्रेमाकडे ओढून आणा. मात्र ते उत्तेजन देऊन, विनवणी करून, चर्चा करून, कारणे देऊन, सौम्यतेने आणि मृदुपणे. आपल्या लघु ख्रिस्ती समूहांच्या सभांत ही यादी भिंतीवर लावण्यासारखी आहे. तिच्यात धमकी नाही, आमिष नाही. पुढे येणाऱ्या मजकुरासाठी वाचकांनी ती लक्षात ठेवावी, अशी विनंती.

बाहेरच्या माणसाचा प्रश्न

हिप्पोतील किंवा कार्थेजमधील एखादा ख्रिस्ती मनुष्य शेजाऱ्याला चर्चमध्ये चल म्हणाला, तर शेजारी काय उत्तर देई? ऑगस्टीन यांनी हे उत्तर अनेक प्रवचनांत स्वतः शेजाऱ्याची भूमिका घेऊन ऐकविले आहे. तुमच्या त्या अमक्यासारखा होऊ काय? तो दारुडा आहे, त्याने मला लुबाडले, तो खोटी शपथ घेतो. लोक हसत असतील, पण त्या गर्दीत तो अमकाही उभा असणार.

आजच्या ट्युनिशियातील बुल्ला रेजिया या गावी एकदा त्यांना बोलण्याची संधी मिळाली, तेव्हा त्यांनी तेथील ख्रिस्ती लोकांना नाट्यगृहातील अश्लील खेळांवरून उघड खडसावले. जवळचे सिमित्थू हे गाव बघा, तेथे आता कोणी त्या खेळांना जात नाही; आणि तुमच्या गावी मात्र बाहेरचे लोक खास त्यासाठी येतात, अशा आशयाचे ते बोलणे आहे. पाहुण्याने यजमानांच्या गावात शेजारच्या गावाची स्तुती करावी, यापेक्षा बोचरे काय असणार? आमच्या मते त्यामागील विचार मात्र सरळ आहे: गावात ख्रिस्ती बहुसंख्य असतील आणि तरी गावाची ओळख त्या खेळांमुळे होत असेल, तर त्या ख्रिस्ती लोकांनी कोणाला कशासाठी बोलवायचे?

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. लग्नातील मद्याचा खर्च, जमिनीवरून भावाभावांत चाललेले दावे, कामगाराची थकविलेली मजुरी, आदिवासी बांधवांशी बोलताना निघणारा तुच्छतेचा सूर, चर्चमध्येही टिकून राहिलेला जातिभेद. शेजारी हे सर्व पाहत असतो. त्याला आपली धर्मशिकवण ठाऊक नसली, तरी आपला व्यवहार पूर्ण ठाऊक असतो.

येथे ऑगस्टीन सुलभ उपाय सुचवीत नाहीत. आधी सर्वांनी शुद्ध व्हावे आणि मगच कोणाला बोलवावे, असे ते म्हणत नाहीत. तसे झाले असते, तर बोलावणे कधीच सुरू झाले नसते. ख्रिस्तसभेत गहू आणि निदण शेवटपर्यंत एकत्र वाढणार, हा प्रभू येशूचा दाखला त्यांनी वारंवार विवरून सांगितला. मग नव्याने येणाऱ्याला काय सांगायचे? त्याला सत्य सांगायचे. हे त्यांनी कसे केले, ते पाहण्याजोगे आहे.

कंटाळलेला डीकन

इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेजहून देओग्रातियास नावाच्या डीकनने ऑगस्टीन यांना पत्र लिहिले. श्रद्धेची पहिली ओळख करून घेण्यासाठी येणाऱ्या माणसांना त्याच्याकडे पाठविले जाई. तेच ते सांगून तो कंटाळला होता. आपले बोलणे आपल्यालाच नीरस वाटते, ऐकणाऱ्याला काय वाटत असेल, अशी त्याची तक्रार होती. उत्तरादाखल ऑगस्टीन यांनी नवागतांच्या शिक्षणावर एक छोटा ग्रंथच लिहिला. आमंत्रण दिल्यानंतर, म्हणजे माणूस खरोखरच दारात येऊन उभा राहिल्यानंतर काय करावे, याविषयी यापेक्षा व्यवहारी लेखन आमच्या पाहण्यात नाही.

येणाऱ्याला प्रथम विचारा की तो का आला आहे. कोणा बड्या माणसाची मर्जी राखण्यासाठी किंवा काही लाभासाठी आला असेल, तरी त्याला झिडकारू नका. तो जे कारण सांगतो तेथूनच बोलणे सुरू करा, म्हणजे खोटेपणाने सांगितलेले कारणही कदाचित त्याला खरेच हवेसे वाटू लागेल. तो अशिक्षित आहे, बहुश्रुत आहे की वक्तृत्वाच्या शाळांतून आलेला आहे, हे पाहून बोला. बहुश्रुताला त्याने वाचलेल्या ग्रंथांविषयी विचारा. त्याला ठाऊक आहे तेच पुन्हा लांबण लावून सांगू नका. वक्तृत्वाच्या विद्यार्थ्याला मात्र आधीच सांगून ठेवा की, प्रार्थना म्हणताना एखाद्या बिशपांचे व्याकरण चुकले तर हसायचे नसते. ऐकणारा जांभया देऊ लागला तर काही खेळकर, विषयाला धरून असे बोला. आणि तो उभा राहून थकला असेल तर त्याला बसायला द्या. समुद्रापलीकडील काही चर्चमध्ये लोक बसून ऐकतात, ते अधिक शहाणपणाचे आहे, असेही ते कबूल करतात. आणि देओग्रातियासच्या कंटाळ्याची कारणे एकेक करून तपासल्यावर ते त्याला आनंदाने बोलण्याचा सल्ला देतात. गावातील सुंदर जागा आपण रोज पाहून तिच्याकडे लक्ष देत नाही, पण पाहुण्याला ती दाखविताना आपल्यालाही ती नव्याने दिसते. शिकविण्याचेही तसेच आहे.

ग्रंथाच्या शेवटी दोन नमुना भाषणे आहेत, एक मोठे आणि एक छोटे. विश्वाच्या निर्मितीपासून ख्रिस्तापर्यंतची परमेश्वराच्या प्रेमाची कथा सांगून झाल्यावर वक्ता नवागताला सावध करतो: तुला आत दारुडे भेटतील, लोभी भेटतील, फसविणारे, जुगारी, व्यभिचारी भेटतील, ताईत बांधणारे आणि ज्योतिष्यांकडे जाणारेही सण आला की याच चर्चमध्ये गर्दी करतात. त्यांचे अनुकरण करू नकोस आणि त्यांच्यामुळे निघूनही जाऊ नकोस; चांगलेही भेटतील, त्यांची संगत धर. पहिल्याच भेटीत घरातील इतक्या गोष्टी पाहुण्याला सांगणारा यजमान विरळा. आपल्या स्वागतसमित्यांना हे धाडस होईल की नाही, याची आम्हाला शंका आहे.

अशी नाव देऊन आत आलेली माणसे दीक्षार्थी म्हणविली जात. त्यांच्या कपाळावर क्रुसाची खूण केली जाई, त्यांना मीठ दिले जाई. पुष्कळ जण मात्र पुढे वर्षानुवर्षे स्नानसंस्कार लांबणीवर टाकीत. स्वतः ऑगस्टीन लहानपणी आजारी पडले तेव्हा त्यांच्या स्नानसंस्काराची तयारी झाली होती आणि बरे होताच ती थांबविली गेली. म्हणूनच दर वर्षी प्रायश्चित्तकाळ जवळ आला की हिप्पोचे बिशप व्यासपीठावरून दीक्षार्थींना पुनःपुन्हा विनवीत: पुनरुत्थानाचा सण आला, आपले नाव द्या.

आमंत्रण कोठे संपते

हा लेख येथेच थांबविता आला असता. तसे करणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण याच मेंढपाळाच्या हातून आमंत्रणाची मर्यादा ओलांडली गेली.

चौथ्या शतकाच्या आरंभीच्या छळानंतर आफ्रिकेतील ख्रिस्तसभेत फूट पडून डोनॅटिस्ट पंथ निर्माण झाला होता. कित्येक गावांत दोन बिशप आणि दोन चर्च होते. चर्चेने, पत्रांनी, वादविवादाने त्यांना परत आणावे, कोणावर सक्ती करू नये, असे ऑगस्टीन यांचे आरंभीचे मत होते. ४०५ साली सम्राटाने डोनॅटिस्टांविरुद्ध ऐक्याचा कायदा केला. दंडाच्या भीतीने लोक परत येऊ लागले. ते पाहून त्यांचे मत बदलले. सुमारे ४०८ साली विन्सेंटियस या डोनॅटिस्ट बिशपांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा बदल स्वतः मांडला आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दाखल्यात धनी सेवकाला रस्त्यांवरील लोकांना आग्रहाने आत आणण्यास सांगतो. त्या वचनाचा आधार त्यांनी राजसत्तेच्या सक्तीसाठी घेतला. ४११ सालच्या जूनमध्ये कार्थेज येथे दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेहून अधिक बिशप समोरासमोर आले. निकाल डोनॅटिस्टांविरुद्ध गेला आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावर आणखी कठोर कायदा आला. ऑगस्टीन देहदंडाच्या विरोधात होते आणि धर्मगुरूंचा खून करणाऱ्या डोनॅटिस्टांनाही तशी शिक्षा देऊ नये, म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांना विनविले, हे खरे. तरीही ज्या दाखल्यात मेजवानीचे बोलावणे आहे, त्यात त्यांनी शिपाई आणून उभा केला. त्यांच्या नावाचा आधार घेत पुढील शतकांत जे घडले, त्याची झळ गोव्यालाही लागली. इन्क्विझिशनचे न्यायालय तेथे १५६० साली सुरू झाले आणि मधला अल्पकाळ वगळता १८१२ पर्यंत चालले.

ख्रिस्तसभेने याबाबतचा आपला निर्णय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट शब्दांत दिला. ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्याने श्रद्धा ही सक्तीने देता किंवा घेता येत नाही, हे सांगितले. त्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या मिशनकार्यविषयक आदेशात कोणावर बळजबरी करणे किंवा कोणाला अयोग्य उपायांनी ओढणे निषिद्ध ठरविले आणि श्रद्धेपासून लोकांना धाकदपटशाने दूर ठेवण्याचाही निषेध केला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली ब्राझीलमधील आपारेसिदा येथे सांगितले की, ख्रिस्तसभा वाढते ती आकर्षणाने. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये तेच पुन्हा सांगितले.

आपल्या देशात या विषयाला दुसरीही बाजू आहे. राज्यघटनेचे कलम २५ सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार देते. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे विशद करणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात अंतर्भूत नाही. काही भाविकांना यामुळे शेजाऱ्याला नाताळच्या मिस्सेला बोलावण्याचीही धास्ती वाटते. आम्हाला ही धास्ती समजते, परंतु तिच्यापायी शेजारधर्मच सोडून देणे योग्य वाटत नाही. फराळाचे ताट शेजाऱ्याकडून आपल्याकडे येते, नाताळचा केक आपल्याकडून तिकडे जातो. त्याच वाटेने 'आमच्या सणाला या' हे शब्दही जाऊ शकतात. येणारा प्रार्थना ऐकेल, भजन ऐकेल, पेजेचा किंवा चहाचा घोट घेऊन घरी जाईल. त्याच्यावर कोणतेही ऋण राहू नये. त्याने पुन्हा यावे की नाही, हे त्याचे आणि परमेश्वराचे.

ज्याला आणखी जाणून घ्यावेसे वाटते, त्याच्यासाठी हिप्पोमधील ती जुनी रीत पुन्हा सुरू झालेली आहे. प्रौढांच्या ख्रिस्ती दीक्षाविधीचे नवे पुस्तक १९७२ साली प्रसिद्ध झाले आणि प्राचीन काळचे टप्पे त्यात परत आले: चौकशीचा काळ, दीक्षार्थी म्हणून स्वीकार, आणि प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी नावनोंदणी. हा प्रवास घाईचा नाही. त्याला अनेक महिने, कधी वर्षेही लागतात आणि मध्येच थांबण्याची मुभा प्रत्येकाला असते. प्रत्येक दीक्षार्थीबरोबर धर्मग्रामातील एक सोबती असतो. नावनोंदणीच्या वेळी बिशप प्रथम या सोबत्यांना विचारतात की, या माणसाने प्रभूचे वचन मनापासून ऐकले आहे काय, त्याप्रमाणे चालण्यास आरंभ केला आहे काय. उत्तर द्यावे लागते ते ज्याने त्याला इतके दिवस जवळून पाहिले त्याला. आणि तेवढेच दिवस दीक्षार्थीनेही त्याला जवळून पाहिलेले असते.